पाखरांचं पुण्य कुणाच्या खात्यावर?

उरण तालुक्यातलं जासई महाराष्ट्राला माहीत आहे ते माणसांच्या हक्काच्या लढ्यामुळे. दि. बा. पाटलांचं हे गाव. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, या परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या लढ्यातून पदरात पडला. आज गावाच्या आजूबाजूला कंटेनरच्या रांगा, बंदराकडे धावणारा महामार्ग, चिर्ल्याला उतरणारा अटल सेतू आणि पलीकडे नवा विमानतळ. या सगळ्याच्या सांदीकोपऱ्यांत उरण तालुक्यातली खाजणं, तिवरांचे पट्टे आणि भरतीच्या पाण्यावर जगणाऱ्या काही पाणथळी अजून तग धरून आहेत. हिवाळ्यात तिथे रोहित, तुतवार, शराटी उतरतात. अशा मुलखातला एखादा साधा माणूस, ज्याच्यामागे ना पदवी ना संस्था, जन्मभर पाखरांची राखण करत राहिला, घरटं असलेलं झाड त्याने तोडू दिलं नाही, फासे लावणाऱ्याला हटकलं, तर त्याच्या या खटाटोपाला काय म्हणायचं? शेजारपाजारचे त्याला खुळा म्हणतील, वर्तमानपत्रवाले पक्षिमित्र म्हणतील. मला त्यापुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. हा धर्म आहे का? देवळातली पूजा, एकादशीचा उपास, पंढरीची वारी यांना ज्या अर्थाने आपण धर्माचरण म्हणतो, त्या अर्थाने? माझं उत्तर ‘हो’ असं आहे. मात्र त्याला एक अट आहे, आणि ती अट आपल्याकडच्या पुष्कळशा भूतदयेला पेलणारी नाही.

भूतदया म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा येतात ते दाणे टाकणारे हात. पितृपक्षातला काकबळी, संक्रांतीनंतर पतंगाच्या मांज्याने जखमी झालेल्या पक्ष्यांवरचे उपचार, चौकातले कबुतरखाने. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर महापालिकेने ताडपत्री टाकली, ती फाडली गेली, प्रकरण उच्च न्यायालयात गाजलं, आणि आठवडाभर मुंबईत धर्म विरुद्ध आरोग्य असा सामना रंगला. कबुतरांची विष्ठा आणि पिसांची धूळ यांनी फुप्फुसांचा विकार जडतो, हे डॉक्टरांचं म्हणणं खोटं नाही. दाणे टाकणाऱ्यांची श्रद्धाही खोटी नाही. पण त्या वादात एक गोष्ट फारशी कुणी बोललं नाही. कबुतराला त्या दाण्यांची गरज किती होती? इमारतींच्या वळचणीला राहून माणसाच्या उष्ट्याखरकट्यावर वाढणारा तो पक्षी काही संकटात नव्हता. गरज होती ती देणाऱ्याला. सकाळी मूठभर दाणे टाकले, पंखांचा फडफडाट झाला, आपल्या हातून काही सत्कर्म घडलं, असा हिशेब तिथल्या तिथे पुरा होतो. यात वाईट काही नाही, फक्त तो हिशेब माणसाच्या वहीतला आहे, पाखराच्या नव्हे. रानपाखराची राखण करणाऱ्याच्या वाट्याला हे समाधान येत नाही. रोहित पक्षी त्याला ओळखत नाही. तो दिसला की उलट उडून जातो. ज्याच्यासाठी जन्म घालवला त्याच्या दृष्टीने आपण एक धोकाच आहोत, हे ज्याला पचतं तोच ही राखण करू शकतो.

आपल्या परंपरेत याचे दाखले नाहीत असं नाही. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींची सशाची लीळा आहे. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन दडतो. पारधी तो मागतात, स्वामी देत नाहीत, शरण आलेल्याला मारायला द्यायचं नसतं असं सांगून त्यांचं मन वळवतात. ही गोष्ट सांगताना आपण बहुधा इथेच थांबतो, कारण दयेची गोष्ट इथे पुरी होते. पण लीळेत त्यापुढचा एक लहानसा तपशील आहे: पारधी गेल्यावर स्वामी मांडी उचलतात, सशाला आदराने संबोधतात आणि आता जा म्हणतात. ससा मठात राहत नाही. त्याला गाजर खाऊ घातलं जात नाही, तो पुढे भक्तांच्या कौतुकाचा विषय होत नाही. आला होता तिथे, रानात, तो परत जातो. दुसरी गोष्ट तुकोबांची, वारकऱ्यांमध्ये तोंडोतोंडी चालत आलेली. शेताच्या राखणीला बसवलेले तुकोबा पाखरांना हाकलत नाहीत, पाखरं कणसं खातात, मालक पंचांपुढे तक्रार करतो, आणि मळणी होते तेव्हा धान्य उलट जास्तच भरतं. गोष्ट गोड आहे, पण तिच्यातला चमत्कार काढून टाकला तर काय उरतं ते पाहिलं पाहिजे. उरतं ते नुकसान. खऱ्या गावात, खऱ्या शेतात पाखराने खाल्लेलं कणीस परत येत नाही. चमत्काराचा आधार नसताना जो माणूस ते नुकसान सोसतो, त्याचं आचरण माझ्या मते गोष्टीतल्यापेक्षा कठीण आहे.

असं नुकसान सोसणारी माणसं कल्पनेत शोधावी लागत नाहीत. रायगड जिल्ह्यातच, म्हसळा तालुक्यात चिरगाव आहे. तिथल्या उंच झाडांवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी आहेत. महाडचे प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांची ‘सीस्केप’ ही संस्था तिथे वर्षानुवर्षं काम करते आहे, पण संस्थेने कितीही केलं तरी झाडं असतात गावकऱ्यांच्या मालकीच्या रानात. कोकणात खासगी रानातलं उंच झाड म्हणजे अडीअडचणीला विकायचा ऐवज. मुलीचं लग्न निघालं, घर शाकारायचं झालं की लाकडाचा ठेकेदार रोख पैसे घेऊन दारात उभाच असतो. त्याला नाही म्हणायचं, आणि तेही कुणासाठी, तर गिधाडासाठी. घरावर बसलं तर शांत करावी लागते असं ज्याच्याबद्दल आपण मानतो, मेलेल्या जनावरावर तुटून पडणारं, मान पिसांवाचून उघडी, जवळ गेलं तर वास येणारं हे पाखरू. त्याला दाणा टाकून पुण्य मिळवायची सोय नाही. त्याला घालायचं तर मेलेलं ढोर ओढत नेऊन घालावं लागतं, आणि चिरगाव परिसरात तेही केलं गेलं. गंमत म्हणजे आपल्या पुराणकथेत ज्या पक्ष्याला सगळ्यांत मोठा मान मिळाला तो गिधाडच. सीतेसाठी लढून पडलेल्या जटायूचे अंत्यसंस्कार रामाने मुलाच्या नात्याने केले. इगतपुरी तालुक्यातल्या सर्वतीर्थ टाकेदला जटायू पडला असं लोक मानतात आणि तिथे यात्रेला जातात. पण त्या यात्रेकरूंपैकी किती जणांनी अंगणातल्या झाडावर जटायूच्या वंशजाचं घरटं राहू दिलं असतं, हे विचारायला हरकत नाही.

गिधाडांची गोष्ट मात्र आणखी एका कारणासाठी नीट पाहावी लागते, कारण निव्वळ दया किती घातक ठरू शकते हे तिच्याइतकं उघड दुसरीकडे कुठे दिसत नाही. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडं झपाट्याने मरू लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर शंभरातली नव्व्याण्णव गेली. कुणी त्यांना गोळ्या घातल्या नव्हत्या, विष पेरलं नव्हतं. कारण सापडलं ते २००४ मध्ये: डायक्लोफेनॅक. म्हाताऱ्या, लंगडणाऱ्या, तापाने फणफणलेल्या गाई-बैलांना आराम पडावा म्हणून दिलं जाणारं स्वस्त औषध. असं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत, आतल्या अवयवांवर पांढरा थर जमे आणि काही दिवसांत पक्षी मान टाकून पडे. म्हणजे गाईवरच्या दयेनेच गिधाडं मारली, आणि ती दया दाखवणाऱ्याच्या मनात काडीइतकीही हिंसा नव्हती. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत वापरल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीची कुपीही ३ मिलिलिटरपुरती मर्यादित केली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक या तशाच घातक औषधांवर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारं औषध उपलब्ध आहे, आणि ज्या पशुपालकाला डायक्लोफेनॅक आणि मेलॉक्सिकॅम ही दोन नावं वेगळी ओळखता येतात त्याच्या भूतदयेला अर्थ आहे. अहिंसा म्हणजे मनात वैर नसणं, एवढीच व्याख्या धरली तर डायक्लोफेनॅक टोचणारा प्रत्येक जण अहिंसक ठरतो आणि गिधाडं तरीही मरतात. सुरुवातीला म्हटलेली माझी अट इथूनच येते. ज्याचं रक्षण करायचं त्याला काय लागतं, हे माहीत करून घेण्याचे कष्ट हाही त्या भक्तीचाच भाग आहे. ज्ञानाची ही बाजू गावातल्या माणसाला जमणार नाही असं कुणी समजू नये. कोणतं झाड कधी मोहरतं, पाणी कुठे किती तास राहतं, कोणतं पाखरू कोणत्या महिन्यात जोडीने फिरतं, हे त्याला शहरातल्या अभ्यासकाच्या आधी कळलेलं असतं. त्याच्याकडे नसते ती नोंदवही.

इथे एक शंका येईल. गीता तर फळाची आशा सोडून कर्म करायला सांगते. मग पाखरं वाढली की घटली याचा हिशेब भक्ताने कशाला ठेवायचा? मला वाटतं, निष्कामतेचा हा फार सोयीचा अर्थ आहे. ज्या फळाची आशा सोडायची ते आपल्याला मिळायचं फळ: कीर्ती, पुण्य, पुरस्कार, लोकांनी दिलेला मान. पिल्लू जगलं की नाही, याची फिकीर सोडायला कुणी सांगितलेलं नाही. आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या आईला निष्काम म्हणायचं ते तिला मोबदला नको असतो म्हणून. मूल बरं झालं काय, न झालं काय, तिला सारखंच, असं म्हणायला कुणाची जीभ धजेल? पाखरांच्या बाबतीत मात्र आपण ही गल्लत सर्रास करतो. दाणे टाकले, आपलं काम झालं. झाड लावलं, फोटो काढला, काम झालं. त्या झाडावर काही उतरलं का, हे बघायला परत जाणारा माणूस विरळा, आणि तोच खरा निष्काम.

माझ्या या मांडणीला छेद देणारं एक उदाहरण आहे आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. राजस्थानात फलोदीजवळ खीचन नावाचं गाव आहे. तिथल्या रतनलाल मालू या जैन गृहस्थांनी १९७० च्या दशकात कबुतरांना दाणे घालायला सुरुवात केली. त्या दाण्यांवर थंडीत थोडे कांड्या करकोचे उतरले, तिकडे त्यांना कुरजां म्हणतात. मालूंनी त्यांनाही दाणे घातले, गाव त्यांच्यामागे उभं राहिलं, आणि आज मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे हजारो करकोचे तिथे हिवाळा काढतात. २०२५ मध्ये खीचनचा रामसर यादीत समावेश झाला. म्हणजे ज्या दाण्यांना मी वर नावं ठेवली त्या दाण्यांनीच हा चमत्कार घडवला! याला माझं उत्तर असं की, खीचनमध्ये गोष्ट दाण्यांवर थांबली नाही. पक्ष्यांसाठी कुंपण घातलेली जागा राखली गेली, कुत्र्यांपासून बचाव केला गेला, विजेच्या तारांना धडकून करकोचे मरू लागले तेव्हा सेवाराम माळी यांच्यासारखा साधा गावकरी त्या तारांच्या मागे वर्षानुवर्षं लागला. दाणे हे निमित्त होतं, राखण पुढे वाढत गेली. तरीही हे कबूल केलं पाहिजे की माणसाने टाकलेल्या धान्यावर एवढा मोठा थवा विसंबून राहणं धोक्याचं आहे. एका जागी दाटी झाली की रोगही तितक्याच लवकर पसरतो. मालूंची भक्ती मला वंदनीय वाटते, पण खीचनची रीत उचलून उरणला आणावी असं वाटत नाही. उरणच्या पाखरांना धान्य नकोच आहे.

त्यांना हवा आहे चिखल. लहान रोहित चोच उलटी करून पाण्यात बुडवतो, जिभेने पाणी आत ओढतो आणि बाहेर फेकतो, आणि चोचीच्या कडेच्या बारीक जाळीत अडकलेलं शेवाळ गिळतो. ते शेवाळ भरती-ओहोटीच्या पाण्यात वाढतं. तुतवार ओहोटीच्या मऊ गाळात चोच खुपसून किडे, गोगलगाई शोधतात. त्याच गाळात गावातल्या बायका खुबे, शिंपल्या, चिंबोऱ्या धरतात, निवट्या पकडतात. भराव पडला, उघाडीतून पाणी येणं बंद झालं, की दोघांचं ताट एकदमच जातं. हे निव्वळ पक्षिप्रेमींचं म्हणणं नव्हे. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या पीठाने बंदराच्या कामामुळे उपजीविका हिरावलेल्या इथल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, तेव्हा तिवरांचा नाश आणि भरतीच्या पाण्याला झालेला अडथळा याच गोष्टी त्या निकालाच्या मुळाशी होत्या. पाखरांना नुकसानभरपाई मागता येत नाही, एवढाच फरक.

आता सगळ्यांत वजनदार आक्षेप. ज्यांची भातशेती गेली, मिठागरं गेली, ज्यांच्या गावात भूमिपुत्रांना नोकरीसाठी मोर्चे काढावे लागले, त्यांना पाखरांचा धर्म शिकवणारे आपण कोण? हा आक्षेप मी मनापासून मानतो, आणि इतिहासही त्याच्या बाजूने आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं, म्हणजे त्यात गावंच्या गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली, लोकांच्या मनात पाखराविषयीच अढी बसली, पुढे क्षेत्र कमी करावं लागलं, आणि एवढं होऊनही माळढोक जवळजवळ संपला. उरणकरांना तर कुंपणाचा अर्थ नव्याने सांगायला नको. २५ सप्टेंबर १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह याच तालुक्यातला, आणि तो रानावरच्या लोकांच्या हक्कासाठी होता. पण यावरून निष्कर्ष काय निघतो? वरून लादलेलं रक्षण टिकत नाही, हा. गावाने स्वतःहून केलेलं रक्षण टिकतं, याचा पुरावा तमिळनाडूतल्या वेदंतांगलला मिळतो. तिथल्या गावकऱ्यांनी तळ्यावरच्या पाखरांना शिकाऱ्यांपासून वाचवण्यासाठी कलेक्टरकडे धाव घेतली आणि १७९८ मध्ये तसा हुकूम मिळवला. पाखरांच्या विष्ठेने तळ्याचं पाणी कसदार होतं, त्या पाण्यावर भात चांगलं पिकतं, हे त्यांना ठाऊक होतं. मग ती भक्ती कसली, तो स्वार्थच, असं कुणी म्हणेल. मी म्हणेन, असू दे थोडा स्वार्थ. सव्वादोनशे वर्षं नुसत्या स्वार्थावर कुणी घरटी राखत नाही. खतं स्वस्त झाली तेव्हाच तो करार मोडला असता.

राहिला मासे खाणाऱ्यांचा प्रश्न. आगरी-कोळ्यांच्या ताटात म्हावरं असतं, त्यांनी अहिंसेच्या गप्पा कशाला माराव्यात, असं शाकाहारी टीकाकार म्हणतात, आणि गावातलाही एखादा संकोचून तेच म्हणतो. संकोचायचं कारण नाही. बगळाही मासा खातो, घार पिल्लू उचलते, आणि शिबी राजाच्या कथेतसुद्धा बहिरी ससाण्याची भूक खोटी ठरवलेली नाही; राजाने ती स्वतःच्या मांसाने भागवायला काढली. रानपाखराची राखण म्हणजे जगातली सगळी हिंसा मिटवणं नव्हे, आपल्या हाताला मर्यादा घालून घेणं. आणि मर्यादा कोळ्यांइतकी कुणाला कळते? पावसाळ्यात, माशांच्या विणीच्या काळात, होड्या किनाऱ्याला ओढायच्या आणि नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्यावरच पुन्हा पाण्यात उतरायचं, हा रिवाज सरकारच्या १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीपेक्षा फार जुना आहे. पोट भरत असतानाच हात आवरायचा, हे शिक्षण या समाजाला धर्मातूनच मिळालेलं आहे. ते दर्यावरून खाजणात आणायचं, एवढंच.

म्हणून जासईत, चिरगावात किंवा आणखी कुठे, पाखरांची राखण करणाऱ्या माणसाला मी धार्मिक म्हणतो ते त्याचं मन कोवळं आहे म्हणून नव्हे. पुष्कळदा तो चिडखोर असतो, शिकारी पोरांवर ओरडतो, सरपंचाशी भांडतो, बायकोच्या शिव्या खातो. तो धार्मिक आहे कारण ज्याच्याकडून परतफेड नाही, ओळख नाही, कौतुक नाही, त्याच्यासाठी तो रोज काही सोडतो, आणि सोडल्याचा उपयोग झाला का हे तपासतोही. गिधाडं गेल्यामुळे माणसंही मेली, २००० ते २००५ या पाच वर्षांत सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले, असा अंदाज २०२४ मधल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात मांडला गेला आहे. हा आकडा धोरणं ठरवणाऱ्यांना जरूर सांगावा. पण चिरगावच्या माणसाने झाड राखलं ते हा आकडा वाचून नव्हे, आणि उद्या तो चुकीचा ठरला तरी झाड राखणं चुकीचं ठरणार नाही.

पुण्य हवंच असेल तर ते मिळवायची एक जागा आज मोकळी आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार पाणथळींची अधिसूचना काढण्याचं काम राज्याकडे आहे, आणि सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या पाणथळींची जागेवर जाऊन खातरजमा आणि सीमांकन करा, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये सगळ्या राज्यांना बजावलं आहे. कागदावर नसलेली पाणथळ भरावाच्या एका पावसाळ्यात पडीक जमीन होते. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत उभं राहून एवढंच विचारा: आपल्या गावाची पाणथळ त्या यादीत आहे का? नसेल तर गट नंबर, भरती-ओहोटीच्या वेळचे फोटो आणि उतरणाऱ्या पाखरांची नावं लिहून ठरावासोबत तहसीलदारांकडे अर्ज द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.